पायाळू गुरुजींची पाठ

तेजराम कापगते गुरुजींची पाठ दुखते यावर दिघोरीत कोणाचाही विश्वास नव्हता. खुद्द त्यांच्या बायकोचा, चंद्रकलाबाईंचाही नव्हता, आणि पाठीपेक्षा गुरुजींना हेच जास्त दुखत असे.

यात गावाचा तरी काय दोष म्हणा! गुरुजी पायाळू होते. जन्माला येताना सगळी माणसे डोके पुढे करतात, गुरुजींनी पाय पुढे केले होते. अशा माणसाने कमरेवर लाथ मारली की भरलेली उसण जागच्या जागी उतरते, हे त्या मुलखात शाळेचे तोंड न पाहिलेल्यालाही ठाऊक असते. रोवणीच्या दिवसांत तर गुरुजींच्या अंगणात सकाळपासून माणसे यायची. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाया, नांगर उचलताना कंबर धरलेले गडी, आणि काहीच न उचलता कंबर धरलेले एकदोन पुढारी. गुरुजी आंघोळ करून, देवाला फूल वाहून लाथा मारायला उभे राहत.

त्यांच्या आईने नियम घालून दिले होते. डाव्या पायाने मारायची, तीनदा मारायची, मोबदला म्हणून सुपारीचे खांडही घ्यायचे नाही आणि दारी आलेल्याला नाही म्हणायचे नाही. आणखी एक नियम गुरुजींनी स्वतःच्या मनाने घातला होता. रोगी वयाने मोठा असला तर आधी वाकून त्याच्या पाया पडायचे आणि मग लाथ मारायची. शेवटी शिक्षकी पेशा होता.

त्यांचा स्वतःचा या प्रकारावर विश्वास होता का, हा प्रश्न अवघड आहे. ते सातवीला विज्ञान शिकवत, आणि विज्ञानाच्या पुस्तकात पायाळूचा धडा नव्हता. पण माणूस वाकून येतो आणि ताठ होऊन जातो हे रोज डोळ्यांनी दिसत होते, तेव्हा त्यांनी पुस्तकाला शाळेत ठेवले आणि पायाला घरी. पायाळू असण्याचा तोटाही होता. पायाळूवर वीज पडते असे म्हणतात. त्यामुळे आभाळ भरून आले की गाडीच्या थांब्यावर गुरुजींच्या आजूबाजूची माणसे हळूहळू पांगत आणि ते छत्री उघडून एकटेच उभे राहत. एवढा मान आणि एवढा अपमान एकाच माणसाच्या वाट्याला क्वचितच येतो.

तर दुखणे. गुरुजींची शाळा होती चिचटोल्याला, जंगलाच्या कडेला. दिघोरीहून रोज गाडीने जायचे आणि गाडीने यायचे. तो रस्ता कागदोपत्री डांबरी होता. कण्याच्या पार खालच्या टोकाशी कोणीतरी खिळा ठोकून ठेवावा आणि गाडी खड्ड्यात गेली की त्यावर हातोडा मारावा, असे गुरुजींना होई. शाळेत खुर्ची होती, पण तिला पाठ नव्हती. संध्याकाळी घरी येईपर्यंत चपलेचा अंगठा सरळ करायला वाकणेही जमत नसे. आणि हे सगळे दिसत मात्र नसे. ताप हाताला लागतो, खरूज दिसते, मोडलेला हात गळ्यात बांधून गावभर हिंडता येते. पाठदुखीवाला माणूस खाऊनपिऊन सुखी दिसतो. त्यातून गुरुजींचा चेहरा जरा गोल होता.

"अवो," चंद्रकलाबाई म्हणत, "सकाळी रंभाबाईले अशी लाथ मारली तुमी, का ते बाई उड्या मारत बांधीत गेली. आन आता म्हणता, मले पाण्याची बालटी उचलवत नाही. कोण मानीन जी?"

लाथ मारायला पाय लागतो आणि बालटी उचलायला पाठ, हा फरक गुरुजींनी दोनदा समजावून सांगितला होता. बायकोने दोन्ही वेळा बालटी स्वतःच उचलून उत्तर दिले होते.

उपाय म्हणून ते एकोडीला जाऊन आले. तिथे बायजाबाई म्हणून एक पायाळू म्हातारी होती. तिने डोळ्यांवर हात धरून त्यांना न्याहाळले.

"तू तं दिघोरीचा तेजराम होय ना गा? तू बी पायाळूच ना?"

"हाव, आजी."

"मंग माही लाथ तुले लागू होत नाही. पायाळूले पायाळू चालत नाही."

म्हातारीने चहा पाजला आणि गुरुजी उठता उठता आपल्या जावयाला पुढे केले. त्याचीही कंबर धरली होती, आणि कितीही गुण येणार असला तरी सासूने जावयाला लाथ मारावी कशी? गुरुजींनी मारली. जावई ताठ झाला. गुरुजी पाठ दाबत गाडीत बसले.

अशा दिवसांत शेजारच्या भैयाजीने त्यांना अपंग ठरवले.

भैयाजीचे किराण्याचे दुकान होते. सरकारी योजनांचा त्याला भारी नाद. पुड्या बांधायला रद्दी येई, तीतली सगळी परिपत्रके तो वाचून काढी आणि मगच त्यांत जिरे बांधून देई. स्वतःला आजवर एकाही योजनेचा लाभ झाला नव्हता, म्हणून त्याचा सल्ला निःस्वार्थी समजला जाई. तेव्हा नुकतेच अपंग वर्ष साजरे होऊन गेले होते. कचेऱ्यांच्या भिंतींवर त्याच्या पाट्या अजून टिकून होत्या.

"गुरुजी," भैयाजी म्हणाला, "तुमी अपंग आहा."

"तोंड सांभाळून बोल, भैयाजी."

"अजी, शिवी नाही देऊन राहिलो. सवलत सांगून राहिलो."

आणि त्याने सांगितले. अपंग म्हणून दाखला मिळाला की कर्मचाऱ्याची बदली त्याच्या सोयीच्या गावी होते. गाडीच्या तिकिटात सूट मिळते. येण्याजाण्याचा भत्ता मिळतो. गुरुजींच्या कानांवरून भत्ता गेला, तिकीट गेले. बदलीपाशी ते थांबले, आणि त्याहून जास्त थांबले दाखल्यापाशी. सरकारी शिक्क्यानिशी, मोठ्या डॉक्टरच्या सहीने लिहून मिळणार की या माणसाची पाठ खरेच दुखते. तो कागद चौकटीत घालायचा आणि स्वयंपाकघरात, चुलीपुढे बसणाऱ्याला मान वर केली की दिसेल असा टांगायचा. गुरुजींनी जागासुद्धा ठरवली.

तालुक्याच्या कचेरीत दोघे मिळून गेले. एकट्याने जायला गुरुजींना संकोच वाटत होता आणि दुसऱ्याला त्याच्या कामाला एकटे पाठवणे भैयाजीच्या स्वभावात नव्हते. बाबूने अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"डोळे, कान, हात, पाय," तो म्हणाला. "पाठ कोठी बसवू?"

"हातपाय पाठीलेच तं जोडले राहतात, साहेब," भैयाजी म्हणाला.

बाबूला मुद्दा पटला, पण तसा खुलासा वरून आलेला नव्हता. त्याने पान खाल्ले, विचार केला आणि तोडगा काढला. "पायात दाखवू का?"

"पाय?" भैयाजीचा स्वाभिमान उसळला. "काय बोलता साहेब! यायच्यासारखा पाय साऱ्या तालुक्यात नाही. गावोगावचे लोक—"

गुरुजींनी त्याला असा चिमटा काढला की भैयाजी उरलेले वाक्य विसरला. शेवटी पाठ 'इतर' या सदरात गेली. आपली पाठ इतर आहे, याचे गुरुजींना परतीच्या वाटेवर उगाच वाईट वाटत राहिले.

मग जिल्ह्याचा दवाखाना. सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा पाठ छान दुखत होती. गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या दुखण्याचे समाधान वाटले. प्रत्येक खड्ड्याला ते मनातल्या मनात धन्यवाद देत होते. पण दवाखान्याच्या ओसरीत रांगेत उभे राहता राहता काय झाले कोण जाणे, दुखणे कमी होत गेले आणि नाव पुकारले तेव्हा औषधालाही उरले नव्हते. सगळे पाहुणे घरात असताना पोर जसे एकदम शहाण्यासारखे वागू लागते, तशी ती पाठ वागू लागली.

"वाका," डॉक्टर म्हणाले.

गुरुजी थोडे वाकले. न वाकावे असे मनात होते, पण खोटे करायची सवय नव्हती. ते वाकतच गेले आणि दोन्ही तळवे फरशीला टेकले.

"मला नाही जमत एवढं," डॉक्टर म्हणाले.

फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि कणा सुरेख आहे म्हणाले. आपल्या एखाद्या अवयवाचे कौतुक ऐकून माणसाला रडू यावे असा प्रसंग विरळा. डॉक्टर भले होते. गुरुजींचा चेहरा पाहून म्हणाले, "तुम्हाला दुखत नाही असं मी म्हणत नाही. फोटोत दिसत नाही, एवढंच. रोजचं काम करताना काय त्रास होतो, याची तुमच्या खात्याकडून चौकशी होऊ द्या. तो अहवाल आला की पुढचं बघू."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले आणि पाठीत कळ आली. गुरुजी तिथेच एका दगडावर बसले. भैयाजी त्यांना परत आत ओढू लागला, पण फाटकावरच्या शिपायाने वेळ संपल्याचे सांगितले.

चौकशीला शिक्षण विस्तार अधिकारी घाटबांधे साहेब येणार होते. कधी येणार हे मात्र कळवणार नव्हते, कारण कळवून केली तर ती चौकशी कसली! भैयाजीने ताबडतोब सूत्रे हाती घेतली. गुरुजींनी रजा टाकली. त्यांच्या हातात एक काठी आली. अंगणात खुर्ची आली. आणि लाथा बंद झाल्या.

"आईचा नियम आहे, भैयाजी," गुरुजी म्हणाले. "दारातून माणूस परत कसा पाठवू?"

"आन साहेब आले, तवा तुमचा पाय हवेत दिसला तं? अपंग माणूस लाथा मारते का?"

हे बिनतोड होते. रोवणी ऐन भरात, गावातल्या अर्ध्या कमरा धरलेल्या, आणि पायाळू खुर्चीत काठी घेऊन बसलेला. कोणी आले की गुरुजींनी आत जायचे आणि चंद्रकलाबाईंनी 'घरी नाहीत' म्हणायचे असे ठरले. त्यांनी ते एकदा म्हटले आणि दिवसभर गुरुजींशी बोलल्या नाहीत. खोटे बोलायला लावले म्हणून राग होताच, पण बांधीवर बाया काय बोलतात ते त्यांना ऐकावे लागत होते आणि गुरुजींना नव्हते.

एका सकाळी रंभाबाई आली. गुरुजी धानाच्या कोठीमागे लपले. कोठीमागे धूळ फार. त्यांना शिंक आली.

रंभाबाई कमरेवर हात ठेवून अंगणातच उभी राहिली आणि भिंतीकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "गुरुजी, सरकार तुमाले पायाचा पगार देत नाही, हे मले मालूम हाये. पर आमी का पैसा मागून राहिलो? एक लाथच तं मागून राहिलो जी!"

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते बाहेर आले, इकडेतिकडे पाहिले आणि रंभाबाईला गोठ्यात घेऊन गेले. तिथे कोणाला दिसणार नव्हते. रंभाबाईने खुंट धरला, गुरुजींनी तिच्या पाया पडून पाय उचलला. बाजूला बांधलेल्या म्हशीने असा प्रकार पूर्वी पाहिलेला नव्हता. आपल्या घरात मारामारी चालली आहे असे तिला वाटले असावे. रंभाबाईची उसण उतरली, आणि त्याच क्षणी म्हशीची लाथ गुरुजींच्या नडगीवर बसली. म्हैस पायाळू नव्हती, त्यामुळे पाठीला गुण काही आला नाही. गुरुजी लंगडू लागले.

भैयाजीला मात्र फार आनंद झाला. "आता कसे अपंग दिसता!" तो म्हणाला. "हे नडगी चौकशीलोग टिकवा."

नडगी टिकली नाही. चौकशीच्या दिवसापर्यंत ती बरी झाली होती.

घाटबांधे साहेब दुपारी आले. खरे तर आले म्हणणे चूक आहे, आणले गेले. गावाबाहेर त्यांची फटफटी चिखलात रुतली. साहेब तरुण होते, अंगात रग होती. कोणाची वाट न पाहता त्यांनी फटफटीचा मागचा भाग उचलला. फटफटी निघाली आणि साहेब अडकले. ज्या स्थितीत उचलले त्याच स्थितीत राहिले. बांधीत रोवणी करणाऱ्या बायांनी ते पाहिले. साहेब कोण, कुठले, कशाला आले, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. कंबर धरलेला माणूस कुठे न्यायचा हे त्या गावात कोणाला विचारावे लागत नसे. घरून बाज आणवली, चौघांनी साहेबांना त्यावर कुशीवर ठेवले आणि वरात सरळ गुरुजींच्या अंगणात आली. पुढे रंभाबाई होती.

गुरुजी खुर्चीत बसले होते, मांडीवर काठी. भैयाजी ओट्यावरून धावत आला. साहेबांना त्याने कचेरीत पाहिलेले होते. त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"हे... हे कोणाचं घर आहे?" बाजेवरून साहेबांनी विचारले.

"साहेब, बिलकुल घाबरू नका," रंभाबाई म्हणाली. "पायाळूच्याच घरी आले तुमी. लाथ बसली का पळत जाल."

"पायाळू होते!" भैयाजी मध्ये घुसला. "आता नाहीत."

साहेब वेदनेत होते, तरी अधिकारी होते. "नाहीत म्हणजे काय? एकदा जन्माला आलेला माणूस पुन्हा जन्मतो का?"

"सोडलं त्यायनं, साहेब. डाक्टरनं मना केलं."

साहेबांनी मान वळवायचा प्रयत्न केला. "कापगते? दिघोरी... अपंगत्वाचा अर्ज केलेले अर्जदार कापगते ते आपणच काय?"

"होय, साहेब," गुरुजी म्हणाले.

"मी आपल्या चौकशीकरिता—" एवढे म्हणून साहेबांनी श्वास घेतला, तो कमरेत गेला, आणि कचेरीची भाषा तिथेच संपली. "आई वो! मेलो वो माय! गुरुजी, काहीतरी करा जी, मले श्वास घेता येऊन नाही राहिला!"

गुरुजींनी भैयाजीकडे पाहिले. भैयाजी डोळ्यांनी नाही नाही म्हणत होता. त्याचे बरोबर होते. पाय उचलला की चौकशी तिथेच संपली. चिचटोल्याची गाडी, बिनपाठीची खुर्ची आणि घरातली ती अविश्वासाची बालटी, हे सगळे मग निवृत्तीपर्यंत. पाय नाही उचलला, तर दाखला मिळण्याची निदान आशा.

पण गुरुजींचे लक्ष साहेबांच्या तोंडाकडे गेले होते. वरच्या ओठावर घाम फुटलेला. एका हाताने बाजेची दोरी घट्ट धरलेली. श्वास पुरता घ्यायचा नाही, अर्धाच घ्यायचा, कारण पुढचा अर्धा दुखतो. हे काय असते ते त्या भरल्या अंगणात एकट्या गुरुजींना माहीत होते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि ते उठले.

"साहेब, हळूच उभे राहा. ही चौकट धरा. तोंड घराकडे."

चौघांनी साहेबांना उभे केले. मग गुरुजी क्षणभर घोटाळले. साहेब वयाने लहान होते, पण हुद्द्याने मोठे होते, आणि अशा वेळी पाया पडायचे की नाही याबाबत नियम स्पष्ट नव्हता. त्यांनी हुद्दा धरला. वाकले, साहेबांच्या चिखलाने भरलेल्या बुटांना हात लावला, आणि पाय उचलला.

पहिली लाथ बसली. साहेब "हं" म्हणाले. दुसरी बसली. तिसरीला साहेबांच्या कमरेत कुठेतरी कट्ट झाले, ते सगळ्या अंगणाने ऐकले. साहेब हळूहळू सरळ झाले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले, आणि लहान मुलासारखे हसले.

पण मागे गुरुजींचा पाय खाली आला नव्हता. तो होता तिथेच होता, गुडघ्यात वाकलेला, अधांतरी. दोन्ही हात पुढे, तोंड पांढरे फटक, आणि घशातून आवाज फुटत नव्हता. ते तसेच एका अंगावर कलू लागले, तेव्हा सर्वांत आधी चंद्रकलाबाई धावल्या आणि त्यांनी नवऱ्याला मिठीत धरले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण चारचौघांत असे कधी घडले नव्हते.

"सरका! सरका सारे!" त्या ओरडल्या. "दिसत नाही का? माह्या माणसाची कंबर गेली!"

साहेब ज्या बाजेवरून उठले तिच्यावर गुरुजींना निजवले. चंद्रकलाबाईंनी रेती गरम करून आणली, फडक्यात बांधली आणि शेक देऊ लागल्या. पदराने नवऱ्याच्या तोंडावरचा घाम पुसला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अवो, असंच दुखते का तुमाले? रोज?"

"हाव," गुरुजी कसेबसे म्हणाले.

"मंग सांगतलं काहून नाही जी आजपावेतो?"

"चुकलं माह्यं," गुरुजी म्हणाले. संसार केलेला माणूस होता.

इकडे साहेबांचा ऊर भरून आला होता. त्यांनी गुरुजींची खुर्ची ओढली, चामड्याची पिशवी उघडली, कागद काढला. "गुरुजी, आता मला कोणी सांगायचं नाही," ते म्हणाले. कंबर सुटल्याबरोबर त्यांची भाषाही परत आली होती. "अर्जदाराचा त्रास मी समक्ष, डोळ्यांनी पाहिला आहे. आत्ताच अहवाल लिहितो."

आणि ते लिहू लागले. अर्जदाराच्या घरी समक्ष भेट दिली. इथवर ठीक झाले. भेटीच्या वेळी अर्जदाराची कंबर अचानक धरली. हेही झाले. मग साहेब थांबले. कशाने धरली, हे लिहायला हवे होते. वरच्या कचेरीत पहिला प्रश्न तोच निघणार.

"निम्नस्वाक्षरीकारास," साहेब हळूच पुटपुटले, "अर्जदाराने... कमरेवर... लाथ मारली असता..."

त्यांनी लेखणी उचलली. शिक्षकाने वरिष्ठ अधिकाऱ्याला चौकशीच्या वेळी लाथ मारली. ती वरिष्ठ अधिकाऱ्याने मागून घेतली. तीही एक नव्हे. हे फायलीवर गेले तर गुरुजी निलंबित, आणि साहेब कुठल्या तोंडाने कचेरीत बसणार?

"साहेब, 'लाथ बसली' असं लिहा," भैयाजीने सुचवले. "कोणी मारली ते नका लिहू."

"मग म्हैस समजतील," साहेब म्हणाले. "आणि म्हशीनं मला मारली, तर गुरुजींची कंबर का गेली?"

त्यांनी कागद फाडला, दुसरा घेतला. पाण्याचा तांब्या उचलताना, असे लिहून पाहिले. अपंगत्वाला तांब्या कमी पडत होता. तिसऱ्या कागदाला साहेबांच्या कपाळावर आठ्या आल्या. इतके ढळढळीत खरे त्यांनी नोकरीत पूर्वी पाहिलेले नव्हते, आणि नेमके तेच लिहिता येत नव्हते.

गुरुजी बाजेवरून हे पाहत होते. पाठीवर गरम रेतीची पोटली होती, तिच्यावर बायकोचा हात होता, आणि तो हात मधूनमधून "येथं? का खाली?" असे विचारत होता. इतकी कळ असूनही त्यांना बरे वाटत होते.

"राहू द्या, साहेब," ते म्हणाले. "नका लिहू."

"अहो, पण तुमचा दाखला?"

"ज्याले कळायचं, त्याले कळलं."

साहेबांनी शेवटी लिहिले, 'भेट दिली. अर्जदार घरी आढळला.' सही केली, गुरुजींना हात जोडले आणि ताठ कमरेने फटफटीवर बसून गेले. पुढे पुराव्याअभावी अर्ज निकाली निघाल्याचे कळले. भैयाजीला फार लागले. त्याने त्या परिपत्रकात कोणालाही जिरे बांधून देणार नाही अशी प्रतिज्ञा केली.

पण घाटबांधे साहेब कृतघ्न नव्हते, आणि त्यांची कंबरही नव्हती. तिला आता पायाळूची ओळख झाली होती. फाइलींचा गठ्ठा उचलला की ती धरू लागली, आणि दर वेळी दिघोरीपर्यंत फटफटी हाणणे जमण्यासारखे नव्हते. रोवणी आटोपता आटोपता गुरुजींच्या हातात हुकूम पडला. चिचटोल्याहून तालुक्याच्या गावी, कचेरीमागच्या शाळेत बदली. कारण, प्रशासकीय सोय. कोणाची सोय ते लिहिलेले नव्हते. साहेबांनी बिऱ्हाडही पाहून ठेवले होते, आपल्या क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर, गाडीचे नाव नाही, आणि वर्गात पाठ असलेली खुर्ची. हे सगळे सवलत म्हणून मिळाले नव्हते. पायाच्या बळावर मिळाले होते, आणि याचे गुरुजींना अधूनमधून हसू यायचे.

बिऱ्हाड केले तेव्हापासून साहेब दर आठवड्याला येऊ लागले. मग त्यांच्या ओळखीने कचेरीतल्या आणखी काही कमरा. गुरुजी आंघोळ करून उभे राहत. प्रत्येक सरळ झालेल्या कमरेमागे त्यांच्या पाठीत थोडी थोडी कळ साठत जाई, पण आता घरात बालटी त्यांच्यापर्यंत येतच नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी साहेब आले. एक हात कमरेवर, दुसरा भिंतीवर. आत गुरुजी चटईवर पडून होते, कुशीवर वळणेही होत नव्हते. साहेबांची चाहूल लागताच त्यांनी सवयीने हात टेकून उठायचा प्रयत्न केला. तेवढ्यात चंद्रकलाबाई चुलीपुढून उठल्या, हातातले उलथने तसेच घेऊन दारात गेल्या आणि उंबरठ्यावर उभ्या राहिल्या.

"आज नाही जी, साहेब," त्या म्हणाल्या. "आज यायची पाठ लय दुखून राहिली."

साहेबांनी दाखला मागितला नाही, पुरावा मागितला नाही, चौकशीही केली नाही. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे एकदा पाहिले, "बरं बाई" म्हणाले आणि वाकलेलेच, भिंतीच्या आधाराने, आपल्या घराकडे परत गेले.

आत गुरुजींनी सगळे ऐकले. शेकाची पोटली त्यांनी जरा खाली सरकवली आणि निवांत डोळे मिटून घेतले.